पाच जिनसांचा पेला

लग्नाच्या रिसेप्शनला गेलं की हल्ली अत्तर-गुलाबाच्या जोडीला एक ट्रेही पुढं येतो. ट्रेत उंच पेले, पेल्यात लालसर सरबत, काठावर संत्र्याची फोड. ‘हे काय रे?’ म्हणून विचारलं की पोरगा सांगतो, ‘फ्रूट पंच, मॅडम.’ आपण घोटभर घेतो, गोड आहे म्हणतो आणि जेवणाच्या रांगेकडं वळतो. पंच म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. इंग्रजी नाव, इंग्रजी पेय, एवढं आपण धरूनच चाललेलो असतो. वाचकहो, आज त्या नावाचीच गोष्ट सांगायची आहे. कारण बहुतेक जाणकारांच्या मते ते नाव विलायतेहून इकडं आलेलं नाही, इथून तिकडं गेलेलं आहे.

या सदरात आजवर आंबील झाली, सोलकढी झाली, मठ्ठा झाला. आज विषय थोडा वेगळा आहे. दारूचं बोलणं कुटुंबाच्या पानावर कशाला, असं काहींना वाटेल. मी स्वतः घेत नाही आणि कुणाला घ्या म्हणून सांगणारही नाही. पण चोर्ला घाट उतरला की गोवा, अशा गावांत राहणाऱ्या आपल्या घरांना हा विषय परका नाही. कॉकटेल हा शब्द तर आता पोरांच्या तोंडी सहज असतो. न बोलल्यानं विषय जात नाही. मग नीट माहिती करून घेऊन बोललेलं बरं.

निमित्त घडलं ते खडोलीत. खडोली म्हणजे दादरा-नगर हवेलीतलं, सिल्वासाजवळचं गाव. एका बाजूला कारखान्यांच्या शेड आणि दुसऱ्या बाजूला वारली पाडे. माझा भाचा तिथं सुताच्या कारखान्यात नोकरीला आहे. बायको धारवाडकडची, घरी कानडी बोलणारी. मला तो ‘आत्या’ म्हणतो आणि ती ‘अत्ती’. दोन भाषांत एकच नातं, एकाच घरात. गेल्या खेपेस रामनवमीला मी त्यांच्याकडं होते. वापीला गाडीतून उतरलं की रिक्षावाला पहिल्यांदा विचारतो, ‘सिल्वासा?’ आणि गुजरातची हद्द ओलांडली रे ओलांडली की दारूच्या दुकानांच्या पाट्या सुरू होतात.

त्याचं कारण इतिहासात आहे. पोर्तुगीजांच्या एका जहाजाचं मराठ्यांकडून नुकसान झालं होतं. त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांनी 1779 च्या तहात या मुलखाचा महसूल पोर्तुगीजांना देऊ केला. 1783 साली नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली आणि 1785 साली त्यांनी दादरा विकत घेतलं. पुढं 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हा मुलूख मुक्त केला. त्यात आपले सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते, हे आपल्याकडं पुष्कळांना माहीत आहे. 1961 मध्ये हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला आणि 2020 पासून दमण-दीवसह तो एकच केंद्रशासित प्रदेश आहे. शेजारच्या गुजरातेत 1960 पासून, म्हणजे राज्य झाल्यापासून दारूबंदी. इथं मात्र ती नाही. त्यामुळं हद्दीच्या अलीकडं कोरडं, पलीकडं ओलं. सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको!

रामनवमीच्या दुपारी भाचेसुनेनं तांब्याच्या घागरीत पानक केलं होतं. ‘अत्ती, कुडीरी,’ म्हणत तिनं पेला पुढं केला. शेजारच्या वारली बाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. त्यांनाही पेला गेला. चव घेऊन त्यांनी विचारलं, ‘काय काय घातलंस?’ भाचेसुनेनं बोटं मोजून सांगितलं. बेल्ल, लिंबीहण्ण, शुंठी, याल्लक्की, नीर. गूळ, लिंबू, सुंठ, वेलदोडे, पाणी. बरोबर पाच. आणि मला ती पंचाची गोष्ट आठवली.

सतराव्या शतकात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची माणसं सुरतेच्या, मच्छलीपट्टणच्या वखारींत येऊन राहिली. घरून आणलेली बिअर समुद्रात नासायची, वाइन महाग पडायची. इथं स्वस्त मिळायचा तो अरक, म्हणजे माडीपासून किंवा गुळापासून गाळलेली कडक दारू. तशीच ती घशाखाली उतरेना. मग तिच्यात लिंबू पिळायचं, साखर घालायची, पाणी घालून सौम्य करायची, वरून मसाला घालायचा. अरक, साखर, लिंबू, पाणी, मसाला. जिनसा पाच, म्हणून नाव ‘पंच’. आपला पाच, हिंदीतला पांच, संस्कृतातला पंच.

या शब्दाचा माग लागतो तो कागदपत्रांतून. 1632 साली कंपनीच्या एका माणसानं आंध्र किनाऱ्यावरच्या आपल्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात ‘पंच’ पिण्याचा उल्लेख आहे. 1638 साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेला आला. इंग्रजांच्या वखारीत त्यानं ‘पालेपुंत्स’ नावाचं पेय पाहिलं. त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. फ्रेंच प्रवासी बर्निए यानं बंगालकडच्या वर्णनात ‘बुलपोंज’ असं नाव लिहून ठेवलं. गुळाचा अरक, लिंबू, पाणी आणि वर किसलेलं जायफळ. इंग्रज म्हणत होते ‘बोल ऑफ पंच’, म्हणजे पंचाचा वाडगा. जर्मनाला आणि फ्रेंचाला ते असं ऐकू आलं. परक्या भाषेतला शब्द कानाला कसा लागतो, याची गंमत आपल्या घरांतून रोजच चालू असते.

पण आपल्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा साक्षीदार म्हणजे डॉ. जॉन फ्रायर. हा कंपनीचा डॉक्टर. 1670 च्या दशकात मुंबई, जुन्नर, कारवार, गोकर्ण, गोवा असा हिंडला. म्हणजे आपल्याच मुलखातला प्रवासी म्हणा ना! त्याचं पुस्तक 1698 साली छापलं गेलं. त्यात तो सांगतो, की सगळ्यांत उत्तम अरक गोव्यातल्या नेरूळचा. त्यापासून इंग्रज जे अंग शिथिल करणारं पेय बनवतात, त्याला हिंदुस्तानी भाषेतल्या पाच या आकड्यावरून नाव पडलं, कारण त्यात पाच जिनसा असतात. नेरूळ आजही बारदेशात मांडवीच्या मुखापाशी आहे. आपण तिथल्या समुद्रावर फिरायला जातो. दारूच्या पिपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणतात, त्यावरून हे नाव आलं असावं असंही काही अभ्यासक म्हणतात. पण फ्रायरनं आकडाच सांगून ठेवल्यामुळं पाचाची बाजू जड आहे.

मुंबईत तर पंचासाठी सरकारी हुकूम निघाला. 1694 सालच्या त्या हुकमात म्हटलं होतं, की खानावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं एक क्वार्ट चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपला पंच आपण करून घ्यावा. आजच्या हिशेबानं सुमारे लिटरभर अरक, पाव किलोच्या आतबाहेर साखर आणि पाव लिटर रस. मालकानं माप मारू नये, भेसळ करू नये, म्हणून गिऱ्हाइकानंच डोळ्यांदेखत कालवायचं. तीनशे वर्षांपूर्वीही हॉटेलवाल्यावर विश्वास एवढाच होता!

इथून हे पेय कंपनीच्या जहाजांतून लंडनला पोचलं. मोठ्या वाडग्यात पंच कालवायचा आणि मित्रांनी भोवती बसून घ्यायचा, अशी तिथं चाल पडली. कॅरिबियन बेटांवर त्यात अरकाच्या जागी रम आली आणि प्रमाण ठरलं. एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक आणि चार भाग पाणचट. हे प्रमाण नीट बघा. सगळ्यांत मोठा वाटा पाण्याचा आहे.

‘कॉकटेल’ हा शब्द त्यानंतरचा. 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वृत्तपत्राला एका वाचकानं विचारलं, की हे कॉकटेल म्हणजे काय बुवा? संपादकानं उत्तर दिलं, कोणतंही मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचं उत्तेजक मिश्रण. 1862 साली जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारवाल्यानं मिश्र पेयांचं पुस्तक छापलं. बारवाल्यांसाठीच्या अशा पुस्तकांत ते पहिलं मानतात. त्यातही पंचाचे प्रकार भरपूर. आज ज्यांची नावं पोरं घेतात ते डाकिरी काय, मार्गारिटा काय, व्हिस्की सोअर काय, सांगाडा तोच. कडक, आंबट, गोड. पंचाची ही नातवंडंच म्हणायची.

दुसरी एक प्रसिद्ध गोष्ट जिन अँड टॉनिकची. सोजिरांना हिवतापासाठी कडूजहर क्विनीन घ्यावं लागायचं, ते घशाखाली उतरावं म्हणून त्यांनी जिन घातली, असं सगळीकडं सांगतात. क्विनीन सिंकोना झाडाच्या सालीचं. 1860 मध्ये ती झाडं निलगिरीवर लावायला सुरुवात झाली, हे खरं. क्विनीन घातलेल्या टॉनिक पाण्याचं पेटंट 1858 सालचं, हेही खरं. पण जिन आणि टॉनिकचा जो जुना छापील उल्लेख सापडतो, तो हिंदुस्थानातल्याच 1868 च्या एका क्रीडा मासिकातला. तिथं दवाखाना नाही, घोड्यांची शर्यत आहे. शर्यत संपल्यावर मंडळी जिन-टॉनिकची मागणी करतायत! आज अमेरिकेच्या नियमानुसार लिटरभर टॉनिकमध्ये जास्तीत जास्त 83 मिलिग्रॅम क्विनीन चालतं. हिवतापाच्या उपचाराला मोठ्या माणसाला दिवसाला जेवढं लागतं, तेवढं पोटात जायला वीस लिटरहून अधिक टॉनिक प्यावं लागेल. तेव्हा ‘औषध म्हणून घेतो’ ही सबब जुनीच आहे, पण टिकणारी नाही.

आता मोसमी पेयाकडं येऊ. आपल्या भागाला सगळ्यांत जवळचं म्हणजे गोव्याचं उर्राक. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. ते इथं इतकं रुजलं, की सत्तरी, खानापूर, चंदगडच्या डोंगरांवर आता ते आपलंच वाटतं. फाल्गुन-चैत्रात बोंडू पिकून खाली पडतात. बी वेगळी काढायची आणि बोंडू खडकात खोदलेल्या कोळंबीत तुडवायचे. मग दाबाखाली ठेवल्यावर जो रस आपोआप ठिबकतो तो ‘नीरो’. तो न आंबवता थंडगार प्यायचा. पोरांनाही चालतो. तुडवून काढलेला रस काही दिवस आंबवून भाटीवर तांब्याच्या भांड्यात चढवतात. पहिल्या धारेचं ते उर्राक, पुन्हा गाळलेली कडक ती फेणी. फेणी बाटलीत वर्षानुवर्षं राहते. उर्राक सौम्य, पण त्याचा वास आणि चव टिकत नाही. मार्च ते मे एवढाच त्याचा मोसम. गोव्यातली मंडळी ते लिम्का किंवा सोडा, लिंबाची फोड, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. उर्राक, गोड सोडा, लिंबू, मीठ, मिरची. मोजा बघू. पुन्हा पाच.

काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 साली गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा मान दिला. त्याआधी कायद्याच्या लेखी ती साधी ‘देशी दारू’ होती. दारू तीच, भाटी तीच. कागदावरचा शब्द बदलला आणि ती चकचकीत बाटलीत जाऊन विमानतळावर बसली.

मोहाची गोष्ट वेगळी. खडोलीच्या त्या अंगणातली फुलं माझ्या डोळ्यांपुढं आहेत. पहाटे झाडाखाली सडा पडतो. तो उन्हं चढायच्या आत वेचायचा, वाळवायचा. वर्षभर ते अन्न असतं, गुरांना खुराक असतो, औषध असतं, आणि सणाला दारूही असते. 1878 च्या आबकारी कायद्यानं मुंबई इलाख्यात घरगुती गाळणं बंद पडत गेलं आणि पिणाऱ्याला मक्तेदाराच्या दुकानाची वाट धरावी लागली. 1892 च्या कायद्यानं तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. दारात पडलेलं फूल वेचणं हाच गुन्हा! सरकारचा महसूल वाढला आणि आदिवासी कर्जात गेला. 1922 साली दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात या लोकांनी स्वतःच उत्तर दिलं. गावोगावी देवी अंगात येऊन सांगू लागली, की दारू-ताडी सोडा आणि दारू विकणाऱ्याकडं कामाला जाऊ नका. हजारोंनी ते ऐकलं. दारूची चव आणि तिचा धंदा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या अडाणी म्हटलेल्या माणसांना नेमकं कळलं होतं.

आपल्याकडचा अरक, म्हणजे कर्नाटकातली ‘सारायी’, तिची कथा आपण डोळ्यांनी पाहिलेली आहे. जगाला पंच शिकवणारा हा अरक शेवटी प्लॅस्टिकच्या पाकिटात आला. त्यात लिंबू नाही, साखर नाही, पाणी नाही. पाचातली एकच जिनस उरली. कोपरा दातानं तोडायचा आणि उभ्या-उभ्या रिकामं करायचं. माझे धाकटे काका या पाकिटांनी गेले. बेचाळिसाव्या वर्षी. काकू त्यानंतर लोकांच्या पोळ्या लाटून दोन पोरं शिकवत होती. 1 जुलै 2007 पासून कर्नाटकात सारायी बंद झाली. त्या दिवशी काकू देवापुढं साखर ठेवून आली, एवढंच मला आठवतं. बोलली काही नाही. आणि चोरून गाळलेल्या दारूचं म्हणाल, तर 2015 च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. म्हणून घरी गाळण्याच्या गप्पा गमतीनंसुद्धा मारू नयेत.

खडोलीत त्या रात्री जेवणं झाल्यावर भाचेसुनेनं विषय काढला. ‘अत्ती, तुम्हीच सांगा यांना. दर शनिवारी मित्र येतात. दुकान चार पावलांवर. रविवारी हे दुपारी उठतात. पोराला फिरायला कोण नेणार?’

भाचा जरा वरमला. ‘आत्या, आठवड्यातनं एकदाच गं. तीन शिफ्टमध्ये माणूस पिळून निघतो. आणि आम्ही काय रस्त्यात पडतो काय?’

‘पडत नाही,’ मी म्हटलं, ‘पण पिता कसं? काय काय घालता त्यात?’

‘घालायचं काय? क्वार्टर असतो. थोडं पाणी.’

मी त्याला मुंबईच्या त्या हुकमातला क्वार्ट सांगितला, पंच सांगितला, चार भाग पाण्याचा हिशेबही सांगितला. तो हसला. ‘म्हणजे आम्ही इंग्रजांपेक्षा वाईट.’

‘वाईट-चांगलं मी नाही म्हणत. त्या वाडग्याभोवती बसणारी माणसं तेव्हाही लोळत होतीच. पण आपल्या काकांचं पाकीट आणि तुझा क्वार्टर यात फरक किती, ते तू बघ. त्यांच्या पाकिटातही एकच जिनस होती.’

तो बराच वेळ गप्प बसला. काकांना त्यानं लहानपणी पाहिलेलं आहे. मग भाचेसूनच म्हणाली, ‘मी बंद करा म्हणत नाही. पण मित्र येणार असतील तर आधी जेवण. आणि ही घागर मी भरून ठेवते, ती आधी संपवायची.’ भाच्यानं त्यावर आपलं एक कलम घातलं. रात्री कुणाला गाडीवरून जायचं असेल तर त्यानं पेल्याला हात लावायचा नाही. किल्ल्या फ्रिजवर. हे किती दिवस पाळलं जाईल, मला माहीत नाही. मध्यंतरी फोनवर ती म्हणाली, ‘अत्ती, घागर संपते. पुढचं कमी झालंय. बंद नाही झालं.’ मला तेवढं खरं बोलणं आवडलं.

वैद्यकाचं म्हणणं तर आता आणखी स्पष्ट आहे. दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 च्या जानेवारीत सांगून टाकलं. पाणी घातलं, लिंबू पिळलं म्हणून दारूचं सरबत होत नाही. उलट गोड-आंबट चवीखाली ती कळत नाही आणि दोन पेले जास्त जातात, हा कॉकटेलचा मोठा धोका आहे. घ्यायचंच असेल तर किती मद्य आत गेलं ते मोजून घ्यावं. पेले मोजून उपयोग नाही.

पण पंचाची खरी गंमत त्या पहिल्या जिनसेत नाहीच, असं मला वाटतं. ती उरलेल्या चारांच्या तोलात आहे, आणि तो तोल आपल्या दोन्ही भाषांच्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कानडी घरात रामनवमीला पानक आणि कोसंबरी. मराठी घरात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं आणि वाटली डाळ. पन्हं हा शब्द पानक या संस्कृत शब्दापासूनच आला. कोसंबरी आणि कोशिंबीर यांचं नातं तर कानालाच कळतं. कानडीत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात, म्हणून भाचेसून मला चिडवत होती, की पंच तुमचा, आमचा नव्हे. मी म्हटलं, ‘मग पंचकज्जाय कुणाचं?’ त्यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं!

बिनदारूचा पंच अनेकदा नुसता गोडगोड लागतो, रिसेप्शनच्या ट्रेतल्यासारखा. त्याचं कारण साधं आहे. दारू घशाला जो चटका देते, तो काढून टाकला आणि त्या जागी काही घातलंच नाही. तिखटपणा लागतोच. सुंठ, मिरे, आल्याचा रस, नाहीतर गोव्याची ती चिरलेली मिरची. शिवाय चिमूटभर मीठ. आपल्या आज्यांनी पानकात सुंठ घातली ती उगाच नाही.

घरचा पंच (पाच-सहा जणांसाठी)

एक लिटर माठातलं पाणी, दीडशे ग्रॅम चिरलेला गूळ, तीन रसदार लिंबं, अर्धा चमचा सुंठपूड, सहा वेलदोड्यांची पूड. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे कचरा राहत नाही. त्यात सुंठ-वेलदोडा घालून अर्धा तास झाकून ठेवावं. लिंबू अगदी शेवटी पिळावं. आधी पिळलं तर कडवटपणा येतो. चिमूटभर मीठ घालावं. आवडत असेल तर सात-आठ मिरे भरड कुटून घालावेत. बर्फ पेल्यात घालावा, घागरीत नको, नाहीतर शेवटच्या माणसाला नुसतं पाणी मिळतं.

लिंबाऐवजी दहा-बारा आमसुलं तासभर भिजवून त्यांचं पाणी घातलं, तर रंग असा येतो की ट्रेतल्या पेल्यानं लाजावं. कानडी घरांत ही आमसुलं मुरुगलु किंवा पुनर्पुळी नावानं मिळतील. उकडलेल्या कैरीचा गर घातला तर चैत्र. पावसाळ्यात आल्याचा रस वाढवून कोमट घ्यावं, थंडीत वरून किंचित जायफळ किसावं. बर्निएच्या पेल्यावरही जायफळच होतं.

घरोघरी पाचवी जिनस वेगळी असते. कुणाकडं तुळस, कुणाकडं ओवा, कुणाकडं कापूर. तुमच्याकडची पाचवी कुठली, मराठीत किंवा कानडीत, जरूर लिहून कळवा.